गुलामीत जगलेल्या माणसांची कविता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर गुलामीत जगलेल्या माणसांची आयुष्यं कवितेतून पुन्हा उभी करणारं बरंच लेखन इंग्रजीत झालं आहे, विशेषतः गेल्या चाळीसेक वर्षांत. ते वाचायला घेणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

गुलामगिरीचा निषेध करणारी कविता, तीच ही का?

नाही. निषेधाची कविता अठराव्या शतकापासून लिहिली जाते आहे. विल्यम काउपरने १७८८ साली गुलामाच्या तोंडी तक्रार घालून कविता लिहिली आणि ती इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचली. पण त्या कवितेतल्या माणसाला नाव नाही, गाव नाही. तो सगळ्या गुलामांच्या वतीने बोलतो, आणि बोलतो तेही गोऱ्या वाचकाला पाझर फुटावा म्हणून.

आपण ज्या कवितेबद्दल बोलतो आहोत ती एका माणसाला धरून असते. अमुक जहाज, अमुक घर, अमुक बाई. कागदोपत्री त्या बाईबद्दल एखादीच ओळ असते, कधी तेवढीही नसते. कवी त्या ओळीपाशी थांबतो आणि विचारतो, हिने त्या सकाळी काय पाहिलं असेल? कोणाला हाक मारली असेल?

या वाटेवरचा एक मोठा टप्पा म्हणजे रॉबर्ट हेडनची 'मिडल पॅसेज' (म्हणजे गुलामांच्या जहाजांचा अटलांटिकपारचा प्रवास) ही दीर्घ कविता. ती १९४५ साली पहिल्यांदा छापून आली आणि पुढे हेडनने ती पुन्हा घडवली. तिच्यात जहाजावरच्या नोंदी आहेत, कोर्टातल्या जबान्या आहेत, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या बढाया आहेत. शेवटाकडे १८३९ सालचं अमिस्ताद जहाजावरचं बंड येतं. त्या बंडाचा नायक सिंके आपल्याला दिसतो तो त्याच्या शत्रूच्या साक्षीतून. साक्ष देणारा त्याला दोष देत राहतो आणि वाचणाऱ्याच्या मनात सिंके मोठा होत जातो. नंतरच्या कवींनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी बंदिवान माणसांनाच बोलतं केलं.

गुलामीतल्या माणसांनी स्वतः काहीच लिहिलं नाही का?

लिहिलं, आणि ते आधी वाचायला हवं. फिलिस व्हीटलीचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये निघाला. जॉर्ज मोझेस हॉर्टनचा १८२९ साली नॉर्थ कॅरोलायनात निघाला, तो गुलाम असतानाच. क्यूबात हुआन फ्रान्सिस्को मान्सानो याने कविताही लिहिल्या आणि आत्मचरित्रही. ओलाउडा इक्वियानोचं आत्मवृत्त १७८९चं आहे. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या एका प्रकल्पातून, लहानपणी गुलामीत राहिलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्ध माणसांच्या मुलाखती लिहून घेतल्या गेल्या.

पण पसारा किती मोठा होता ते पाहा. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली. साउथ कॅरोलायनात १७४० सालच्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरला, आणि नंतर इतर राज्यांनीही तसेच कायदे केले. मुद्दाम निरक्षर ठेवलेल्या लोकांनी लिहिलेलं कमी सापडतं, यात नवल नाही.

मग कवी तपशील कुठून आणतात?

मालकांच्याच कागदांतून. जहाजावरच्या मालाच्या याद्या, मृत्युपत्रं, लिलावाच्या पावत्या, पळून गेलेल्या गुलामांना धरून देण्यासाठीच्या जाहिराती. या जाहिराती वाचताना अंगावर काटा येतो. पाठीवर वळ कुठे आहेत, कान कुठे कापलेला आहे हे मालक ओळखीची खूण म्हणून छापतो, आणि ते कोणी केलं हे सांगायची त्याला गरजच वाटत नाही. पण त्याच जाहिरातीत 'व्हायोलिन चांगलं वाजवतो' किंवा 'बायको अमक्या गावी आहे, तिकडे गेला असावा' असंही येतं. त्या माणसाला मनापासून काय हवं होतं, ते मालकाच्या नकळत तिथे नोंदलं गेलेलं असतं.

१८५० आणि १८६० सालच्या अमेरिकी जनगणनेत गुलामांसाठी वेगळी पत्रकं होती. मालकाचं नाव, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. माणसांची नावं जवळपास कुठेच नाहीत. लूसिल क्लिफ्टन यांची साउथ कॅरोलायनातल्या वॉलनट ग्रोव्ह मळ्यावरची एक छोटी कविता आहे. १९८९ साली त्या तिथे गेल्या, तेव्हा माहिती सांगताना गुलामांचा उल्लेखच झाला नाही. जुन्या यादीत दहा गुलाम होते, पण मोजले होते फक्त पुरुष. क्लिफ्टन त्या जमिनीत पुरलेल्यांना नावं विचारतात आणि यादीत न आलेल्या बायकांसाठी थांबतात. कुठे सुरुवात करावी असं कोणी विचारलं तर मी ही कविता सांगते.

'झाँग!' हे पुस्तक वाचायला इतकं अवघड का आहे?

हे कवितेचं पुस्तक ज्या घटनेवर आहे, ती आधी सांगते. १७८१ साली लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं झाँग नावाचं जहाज सुमारे ४४० माणसं कोंबून आफ्रिकेहून जमैकाकडे निघालं. वाटेत रोगराई झाली, माणसं मरू लागली, आणि दिशेचा अंदाज चुकून जहाज जमैकाच्या पुढे गेलं. पाणी पुरणार नाही असं कारण पुढे करून २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत खलाशांनी १३०हून जास्त माणसं जिवंत समुद्रात लोटली. आजाराने मेलेल्या गुलामाची भरपाई विम्यातून मिळत नसे. जहाज वाचवण्यासाठी 'माल' फेकून द्यावा लागला तर मात्र दर माणशी ३० पौंड मिळणार होते.

विमेकऱ्यांनी पैसे द्यायला नकार दिला आणि मालक कोर्टात गेले. १७८३ साली लंडनमध्ये उभा राहिलेला हा खटला विम्याचा होता. पहिल्या सुनावणीत ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. नंतर सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी फेरसुनावणीची मुभा दिली. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. मधल्या काळात इक्वियानो ही बातमी घेऊन गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे गेला, म्हणून हे प्रकरण चव्हाट्यावर आलं.

त्या निवाड्याचा जो अहवाल छापला गेला, तो जेमतेम दोन पानांचा. एम. नूरबेसे फिलिप या टोबॅगोत जन्मलेल्या आणि कॅनडात वकिली केलेल्या कवयित्री. त्यांनी स्वतःला अट घातली की, पुस्तक लिहायचं ते याच अहवालातल्या शब्दांतून. जहाजावरच्या माणसांना ज्या भाषेने माल ठरवलं, त्याच भाषेत त्यांना कोंडून घेतल्यासारखं हे काम होतं. मग त्यांनी शब्द फोडले, त्यांतून दुसरे शब्द काढले, आफ्रिकी भाषांचे शब्द त्यांतून वर आले. २००८ साली पुस्तक निघालं.

पहिलं पान उघडलं की पाण्यासाठीच्या इंग्रजी शब्दाची अक्षरं पानभर विखुरलेली दिसतात. अडखळत, सुटी सुटी, घशाला कोरड पडलेल्या माणसाच्या तोंडून निघावीत तशी. पहिल्या भागात पानाच्या तळाशी एक रेघ आहे आणि रेघेखाली बारीक अक्षरात आफ्रिकी नावं आहेत. त्या माणसांची नावं अहवालात नाहीत. ही नावं कवयित्रीने दिली आहेत. कविता वर चालू असते आणि नावं खाली, पाण्याच्या पातळीखाली असल्यासारखी. शेवटच्या भागात शब्द फिकट होत एकावर एक छापले गेले आहेत, आणि बरंचसं वाचताच येत नाही.

म्हणून माझं सांगणं असं की, अर्थ लावायच्या मागे लागू नका. मोठ्याने वाचा. दोघंतिघं मिळून वाचलं तर आणखी चांगलं. जिथे मोकळी जागा आहे तिथे खरोखर थांबा. पुस्तकाच्या शेवटी फिलिप यांनी हे काम कसं केलं ते गद्यात लिहिलं आहे. ते आधी वाचलं तरी चालेल.

'झाँग!'चा मराठी अनुवाद व्हावा का?

व्हावा, पण घाईने नको. या पुस्तकातल्या शब्दांच्या जागेला एक नियम आहे. कोणताही शब्द दुसऱ्या शब्दाच्या अगदी खाली येत नाही, त्याच्यावरची जागा श्वासासाठी मोकळी राहते. २०२१ साली निघालेल्या इटालियन अनुवादात ही जागा पाळली गेली नाही, म्हणून फिलिप यांनी जाहीर हरकत घेतली आणि त्या प्रती नष्ट करण्याची मागणी केली. मला त्यांची बाजू पटते. जहाजाच्या तळाशी माणसं एकमेकांना खेटून बेड्यांत पडलेली होती. कवयित्रीने त्यांना पानावर जागा दिली, आणि ती अनुवादकाने परत काढून घेणं बरोबर नाही.

सांगाड्यावरची कविता म्हणून जिचा उल्लेख होतो ती कोणती?

मॅरिलिन नेल्सन यांची 'फॉर्च्यून्स बोन्स', २००४. या सगळ्या लेखनात मला सर्वांत जवळची असलेली ही कविता आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरी गावात प्रिझर्व्ह्ड पोर्टर नावाचा हाडवैद्य होता. त्याच्याकडे फॉर्च्यून नावाचा गुलाम, फॉर्च्यूनची बायको डायना आणि मुलं होती. १७९८ साली फॉर्च्यून मेला. डॉक्टरने त्याला पुरलं नाही. देहाचं विच्छेदन करून हाडं साफ केली आणि अभ्यासासाठी सांगाडा ठेवला. तो पिढ्यानपिढ्या त्याच घराण्यात राहिला. पुढे तो गावच्या मॅटॅटक म्युझियममध्ये आला आणि १९७० सालापर्यंत लोकांना बघायला मांडून ठेवलेला होता. कवटीवर 'लॅरी' असं लिहिलेलं होतं, आणि शाळेतली मुलं त्याला त्याच नावाने ओळखत. तो कोण होता हे १९९०च्या दशकात नीट शोधलं गेलं. मग म्युझियमने नेल्सन यांना त्याच्यासाठी कविता लिहायला सांगितलं.

त्यांनी चर्चमधल्या मृतात्म्यांसाठीच्या प्रार्थनेचा आकृतिबंध घेतला. पहिली बोलते ती डायना. घरातली साफसफाई तिच्याकडे आहे. ज्या खोलीत सांगाडा आहे त्या खोलीतली धूळही तिलाच झटकायची आहे. नवऱ्याच्या हाडांवरची धूळ. हे कुठल्याही कागदात लिहिलेलं नाही. पण त्या घरात डायना होती आणि सांगाडाही होता, हे पक्कं आहे. या दोन माहितींच्या मधली जागा नेल्सन यांनी भरली, आणि ती इतकी साधेपणाने भरली की वाचताना हात थांबतो.

पुढे डॉक्टर बोलतो. त्याला राक्षस केलेलं नाही. त्याला ज्ञानाची खरी ओढ आहे, हाडांच्या रचनेपुढे तो अचंबित होतो. समोरचा देह आपल्या ओळखीच्या माणसाचा आहे, हे त्या अचंब्यात कुठे गेलं, ते वाचणाऱ्याने बघायचं. शेवटी फॉर्च्यून स्वतः बोलतो. ही हाडं म्हणजे मी नव्हे, मी याच्याहून मोठा होतो, असं सांगतो. रडगाणं नाही. आनंद आहे त्यात.

पुस्तकात कवितांच्या शेजारी इतिहासाच्या टिपा आणि चित्रं आहेत, त्यामुळे कुठलं नोंदलेलं आणि कुठलं कल्पिलेलं हे वाचकाला लगेच कळतं. २०१३च्या सप्टेंबरमध्ये फॉर्च्यूनचे अवशेष राज्याच्या विधानभवनात सन्मानाने ठेवले गेले आणि त्याच दिवशी वॉटरबरीत त्यांचं दफन झालं. मृत्यूनंतर २१५ वर्षांनी.

फिलिस व्हीटलीच्या कविता उपलब्ध असताना तिच्यावर पुन्हा कविता कशाला?

कारण तिच्या कवितांत ती स्वतःबद्दल फार कमी बोलू शकली. १७६१ साली ती बॉस्टनला उतरली तेव्हा तिचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते, त्यावरून तिचं वय सातेक वर्षं धरलं गेलं. 'फिलिस' हे तिला घेऊन आलेल्या जहाजाचं नाव. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कोणालाच माहीत नाही. वयाच्या विशीत पुस्तक निघालं तेव्हा बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी 'या कविता हिच्याच आहेत' असं लिहून द्यावं लागलं.

ऑनोरे फॅनोन जेफर्स यांनी 'द एज ऑफ फिलिस' (२०२०) लिहिण्यासाठी वर्षानुवर्षं दफ्तरं चाळली. त्यांनी बॉस्टनच्या आधीपासून सुरुवात केली, तिला आई होती, बाप होता, घर होतं तिथून. फिलिसने आपली मैत्रीण ऑबर टॅनर हिला लिहिलेली काही पत्रं टिकली आहेत, ऑबरची उत्तरं मात्र टिकली नाहीत. दोन काळ्या मुली अठराव्या शतकात एकमेकींना पत्रं लिहीत होत्या, आणि आपल्याला एकीचंच ऐकू येतं. जेफर्स अशा हरवलेल्या पत्रांच्या कविता करतात. फिलिसचा नवरा जॉन पीटर्स नालायक होता असं एका १८३४ सालच्या चरित्रामुळे सगळे म्हणत आले. ते चरित्र फिलिसच्या मालकांच्या नातेवाईक म्हणवणाऱ्या बाईने लिहिलेलं. जेफर्स त्यावर शंका घेतात, आणि ती कवितेपुरती न ठेवता पुस्तकाच्या शेवटी निबंधातही मांडतात.

मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणं योग्य आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. ज्यांच्यावर आयुष्यभर दुसऱ्यांची मालकी होती, त्यांच्या आवाजावरही आपण मालकी सांगतो आहोत का? सैदिया हार्टमन या अभ्यासकांनी २००८ सालच्या एका निबंधात हीच अडचण मांडली. कागदांत जी मुलगी फक्त एक प्रेत म्हणून येते, तिची गोष्ट सांगायची तर कल्पना लागते, आणि कल्पना केली तरी तिच्यावर झालेलं काही पुसलं जात नाही.

माझं मत असं. कल्पना करण्याचा हक्क कवीला आहे, पण नोंद कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, तो सांधा दिसला पाहिजे. नेल्सन टिपा देतात, जेफर्स निबंध जोडतात, फिलिप शब्दांची अट पाळतात. ट्रेसी के. स्मिथ यांनी तर अमेरिकी यादवी युद्धातल्या काळ्या सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांतले शब्दच जुळवून दीर्घ कविता केली, आपलं जवळजवळ काही न घालता. प्रत्येकीची वाट वेगळी, पण वाचकाला फसवायचं नाही हे सगळ्यांनी पाळलं आहे. ज्या कवितेत गुलाम बाई सुंदर, सहनशील आणि सुभाषितं बोलणारी होते, ती कविता मला नको. तिथे तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

कवी गोरा असला तर चालेल का, असंही लोक विचारतात. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या घराण्याची संपत्ती जमैकातल्या मळ्यांवरची. त्यांनी १८४८ साली छापून आलेल्या कवितेत, मालकाच्या बलात्कारातून झालेल्या मुलाला मारणाऱ्या आईला बोलतं केलं. तिचा संताप त्यांनी सौम्य केला नाही. मला ती कविता काउपरच्या कवितेपेक्षा कितीतरी धीट वाटते. पण तिच्यातली बाईही प्रातिनिधिकच राहते.

इतकं दुःख वाचवत नाही. काय करावं?

सगळं फटक्यांबद्दल नाही. टायहिंबा जेस यांचं 'ओलिओ' घ्या. मिली आणि क्रिस्टीन मॅकॉय या १८५१ साली गुलामीत जन्मलेल्या, एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणी. त्यांना जत्रांतून दाखवलं गेलं, आणि त्या गायिका म्हणून नावारूपाला आल्या. जेस यांनी त्यांच्यासाठी दोन स्तंभांची सुनीतं लिहिली. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, आडवी वाचा, खालून वर वाचा, प्रत्येक वेळी कविता लागते. वाचताना कौतुक वाटत राहतं.

फ्रँक एक्स वॉकर यांनी यॉर्कवर दोन संग्रह लिहिले. १८०४ ते १८०६ या काळात अमेरिकेच्या पश्चिमेकडचा प्रदेश शोधायला निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेलेला हा क्लार्कचा गुलाम. बरोबरच्या कित्येकांनी रोजनिशा लिहिल्या, यॉर्कची नाही. वॉकरच्या कवितांत तो नद्या बघतो, शिकार करतो, परतल्यावर आपल्याला स्वातंत्र्य मिळेल असं धरून चालतो. क्लार्कने ते दिलं नाही, निदान कितीतरी वर्षं नाही.

ही कविता इतिहासाचा पुरावा म्हणून वापरता येईल का?

नाही. तिच्यामुळे कुठला कागद शोधायचा ते कळतं. पुरावा तो कागदच.

मराठीशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिकडच्या मुक्तीत त्यांना इकडच्या शूद्रातिशूद्रांसाठी वाट दिसली. शंभरेक वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथरने आपलं नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीवरून घेतलं.

पण आपल्याकडेही माणसं विकली जात होती, हे आपण पटकन विसरतो. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री होत असे, त्या सरकारी कोठ्यांत आणि घरांत राबत. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गुलाम गोव्यात आणले. इथिओपियातला एक मुलगा अनेक बाजारांत विकला जात दख्खनला पोहोचला आणि मलिक अंबर झाला. त्याच्यावर इतिहास लिहिला गेला, कारण त्याने राज्य चालवलं. त्याच्याबरोबर त्याच जहाजांतून आलेल्या बाकीच्यांचं काय झालं, ते कोणी लिहिलं नाही. दळण-कांडण करणाऱ्या बाईचा आवाज आपल्याला जनाबाईमुळे ओळखीचा आहे. ती विकली गेलेली नव्हती, पण 'नामयाची दासी' म्हणवत तिने आपल्या कामातून जे बोलून ठेवलं, त्यामुळे असा आवाज मराठीत कसा लागेल याची कल्पना करणं आपल्याला परकं नाही.

मराठीत अशी कविता लिहायची असेल तर सुरुवात कशी करावी?

एका नोंदीपासून. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा छापलेल्या आहेत, त्यांत गुलामीसंबंधीच्या नोंदी आहेत. मोडी वाचता येत असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर आहेच. एक नोंद निवडा आणि ती जशीच्या तशी हाताने उतरवून काढा. कोण विकतो आहे, कोण घेतो आहे, किती रुपयांना, हे सगळं. मग जे लिहिलेलं नाही त्याची यादी करा: ती कुठल्या गावची, तिच्याबरोबर मूल होतं का, तिला बोलायला कोण होतं. कविता त्या दुसऱ्या यादीतून येईल.

नाव दिलेलं असेल तर बदलू नका. दिलेलं नसेल आणि तुम्ही नाव ठेवलंत, तर ते तुम्ही ठेवलं आहे हे कवितेखाली लिहा. त्या काळी जे धान्य, जी भांडी, जे कापड नव्हतं ते कवितेत येऊ देऊ नका. बटाटा आणि चहा हमखास घुसतात. आणि नोंदीचा खंड, पान, साल टिपून ठेवा, म्हणजे तुमची कविता वाचून कोणाला मूळ नोंद बघावीशी वाटली तर ती सापडेल.